राजारामचे फूट, आयर्विनचे फूट आणि अलमट्टीचे मीटर : पूर सगळ्यांनी मिळून मोजायचा का?

प्रयागकाठ

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी तीन गोष्टींची चौकशी सुरू होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती. राजारामला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. अलमट्टीचा हिशोब फुटांत नाहीच. तिथली पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर.

शिरोळ तालुक्यातल्या माणसानं या तीन आकड्यांवरून आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल हे कसं काढायचं? राजारामचा शून्य वेगळा, आयर्विनचा वेगळा. ४३ आणि ४५ ची वजाबाकी करून हाताला काहीच लागत नाही. पाणी एकाच खोऱ्यातलं आहे आणि प्रत्येक जण ते आपापल्या पट्टीनं मोजतोय.

हे डोक्यात घोळत असतानाच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीबद्दल बरंच वाचून काढलं. तिथला प्रश्न नदीचा नाही, समुद्राचा. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि वाढीचा वेग आता चढता आहे. त्या खाडीच्या परिसरात ९ जिल्हे आणि १०१ शहरं येतात. प्रत्येकाची नगरपालिका वेगळी, पैसा वेगळा. आपापल्या किनाऱ्यापुरती भिंत बांधायला सगळे मोकळे होते. पण अभ्यासकांनी गणित मांडलं तेव्हा दिसलं की एका भागानं भिंत बांधून भरतीचं पाणी अडवलं, तर तेच पाणी खाडीच्या दुसऱ्या काठावर जास्त चढतं.

म्हणून कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा केला. खाडीकाठच्या प्रत्येक स्थानिक संस्थेनं १ जानेवारी २०३४ पर्यंत किनाऱ्याचा आराखडा करायचाच, आणि तो खाडीसाठी १९६५ पासून काम करणाऱ्या आयोगाकडून मंजूर करून घ्यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगानं सगळ्यांसाठी एक प्रादेशिक चौकट स्वीकारली. तिच्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की पाण्याचे आकडे सगळ्यांना एकच. २०५० साठी ०.८ फूट वाढ धरायची. २१०० साठी ३.१ आणि ४.९ फूट अशा दोन्ही शक्यता तपासायच्या. एका गावानं आशावादी आकडा धरला आणि शेजारच्यानं भीतीचा, असं चालणार नाही.

आता आपल्याकडं बघू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते. तिथून नृसिंहवाडीपर्यंत नदीला उतार फार थोडा. वाडीला ती कृष्णेला मिळते, पण कृष्णा त्या वेळी कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन आलेली असते. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला आत शिरता येत नाही, ती मागं फुगते. भरतीच्या वेळी समुद्र खाडीतल्या नदीला थोपवतो तसाच हा प्रकार, फक्त समुद्राच्या जागी कृष्णा. म्हणून कोल्हापुरात पाऊस उघडला तरी पाणी दिवसेंदिवस हलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोयनेपासून कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकाच टेबलावर बसल्याशिवाय पूर आटोक्यात यायचा नाही, आणि त्या टेबलावर पहिली वस्तू हवी ती सगळ्यांची मिळून एक पट्टी. प्रत्येक गावातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजून एका नकाशावर टाकायच्या. त्यानंतर कुणी भराव घालो, भिंत बांधो की धरणाची उंची वाढवो, त्यानं आधी वरच्या आणि खालच्या गावाला दाखवायचं की तुमच्या खुणेवर याचा किती परिणाम होणार.

पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी, शेती असणाऱ्यांनी, या खात्यांत काम केलेल्यांनी लिहा. नदीच्या पलीकडच्या लोकांनी तर जरूर लिहा.

कुंभारगल्ली

काका, आमच्या शाहूपुरीत खुणा शोधायला लागणार नाहीत, भिंतीभिंतीवर आहेत. २०१९ ला पाणी आलं तेव्हा गणपती महिन्याभरावर होते. रंग न दिलेल्या मूर्ती मांडवात होत्या. मोठ्या मूर्ती हलवायच्या कुठं आणि किती वेळात, हा आमचा खरा प्रश्न असतो. "पातळी ४५ फूट" असं रेडिओवर ऐकून मला माझ्या मांडवात किती पाणी येणार हे कळत नाही. मला माझ्या दारातला आकडा हवा.

मिरजवेस

विषय चांगला काढलात. थोडी भर. बंधाऱ्यांच्या पातळ्या समुद्रसपाटीच्या मीटरमध्ये नाहीत असं नाही. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या तक्त्यात फुटांशेजारी मीटरही छापलेले असतात. मी त्याच कामात होतो, आता निवृत्त आहे. अडचण दुसरीच आहे. मोजणीच्या ठिकाणाचा आकडा आहे, पण गल्लीचा, गोठ्याचा, शाळेच्या पायरीचा आकडा नाही. तो नसल्यामुळं तक्त्यातले मीटर लोकांच्या काही उपयोगाचे नाहीत.

कुंभारगल्ली म्हणतात ते करणं अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या उंचीच्या खुणा जागोजागी आहेत. तिथून लेव्हल मशीन आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घेऊन पुराच्या खुणेपर्यंत उंची आणायची. ज्याला रस्त्याच्या कामाची सवय आहे असा कुठलाही सर्व्हेअर हे करतो.

साधा_वाचक

अमेरिकेची उदाहरणं कशाला? त्यांच्याकडं पैसा आहे. आपल्याकडं पूर ओसरला की पंचनामे, मग सानुग्रह अनुदान, मग पुढचा पूर. एवढ्या मोठ्या नियोजनाला पैसा कोण देणार?

उत्तरेश्वर_ते_ओकलंड

मी मूळची उत्तरेश्वर पेठेतली, आता बरीच वर्षं याच खाडीच्या काठावर राहते. साधा_वाचक यांच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तो इथंही रोज विचारला जातो.

पैसा इथंही हातात नाही. २०२३ मध्ये दोन प्रादेशिक संस्थांनी मिळून अंदाज काढला, की २०५० पर्यंत संपूर्ण खाडीकिनारा सुरक्षित करायला सुमारे ११० अब्ज डॉलर लागतील. काहीच केलं नाही तर नुकसान २३० अब्जांच्या वर जाईल. ११० अब्ज कुणाच्या तिजोरीत नाहीत. म्हणूनच कायद्यात अशी सोय ठेवली, की ज्यांचा आराखडा मंजूर झाला त्यांना राज्याच्या निधीत प्राधान्य. एकत्र बसायला लोक फक्त चांगुलपणानं येत नाहीत, काही मिळणार असेल तर येतात. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दुसरं असं, की हे एका रात्रीत झालेलं नाही. १९६० च्या सुमारास ही खाडी भराव टाकून बुजवली जात होती. कचरा टाकायचा, वर माती टाकायची, इमारत उभी करायची. बर्कलीच्या तीन बायकांनी १९६१ मध्ये त्याविरुद्ध चळवळ सुरू केली आणि त्यातून १९६५ चा आयोग आला. समुद्र वाढतोय म्हणून एकत्र येण्याचा मसुदा २०२१ मध्ये झाला, पण तो ऐच्छिक होता. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं, बाकीचे थांबून राहिले. बंधनकारक कायदा त्यानंतर आला.

आणि भिंतीचं म्हणाल तर इथं फॉस्टर सिटी म्हणून गाव आहे. सगळं गावच भरावावर वसलेलं. त्यांचा जुना बांध पुरेसा नाही असं केंद्राच्या संस्थेनं सांगितलं, तेव्हा गावकऱ्यांनी २०१८ मध्ये मतदान करून ९ कोटी डॉलरचं कर्ज उभारलं आणि बांध उंच केला. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या घरासाठी. त्यांची चूक काय? काहीच नाही. पण असं प्रत्येकानं केलं आणि गरीब वस्तीला कर्ज उभं करता आलं नाही, तर पाणी कुणाकडं जाणार हे उघड आहे. माझ्या दृष्टीनं एकत्र नियोजनाचा खरा मुद्दा हा आहे.

आराखडा

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा आमच्याकडं रोज प्लॉटच्या पातळीवर घडतो. मी वास्तुरचनाकार आहे, नागाळा पार्क आणि रमणमळ्याच्या बाजूला बरीच कामं केली आहेत.

माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा पूर, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. कागदावर हे ठीक आहे. पण दोन वर्षांच्या अंतरानं ५५ आणि ५६ फूट पाणी बघितलेल्या माणसाला "१०० वर्षांतून एकदा" हे शब्द पटत नाहीत. २०२४ च्या जुलैमध्येही पाणी ४७ फुटांच्या वर गेलं होतंच.

पट्ट्यात होतं काय? मालक म्हणतो, जोतं उंच घ्या. मुरूम टाकून प्लॉट चार फूट वर येतो. शेजारचा जुना बंगला खड्ड्यात जातो. मग तोही भराव टाकतो. भरलेल्या हौदात विटा टाकत गेलं की पाणी काठावरून सांडतं, तसं हे चाललंय. प्रत्येक परवानगी आपल्या जागी नियमात असते. सगळ्या भरावांची बेरीज मात्र कुणाच्याच टेबलावर नसते.

इथं कोल्हापूरकरांनी एक गोष्ट आठवावी. हद्दवाढीचा वाद मिटत नव्हता तेव्हा २०१७ मध्ये शहराभोवतीची ४२ गावं घेऊन नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. शहर आणि गावं यांचा एकत्र विचार करायला एक संस्था कागदावर तरी तयार आहे. भरावाची बेरीज ठेवायचं काम तिला का देऊ नये?

शिरोळचा_मळा

नमस्कार. वाचतोय कवापासून. आता लिहितो.

तुमी सगळी शहराचं बोलताय. शहरात पाणी येतं आन जातं. आमच्यात येतं ते बसतंय. पंचगंगा बी आमच्यात, कृष्णा बी आमच्यात, वारणंचं बी आमच्यातनंच. नदीकाठच्या मळीच्या रानात ऊस हाय. दोन-चार दिवस बुडाला तर तगतो. शेंड्याच्या पानांच्या सुरळीत आठवडाभर पाणी राह्यलं की शेंडा कुजला, सपलं. आडसाली असंल तर दीड वर्साचं पीक गेलं. पंचनाम्याला माणूस येतो तवर रानात चिखुल वाळल्याला असतो.

जनावरांचं तर कुणी बोलतच न्हाई. माणसाला छावणी हाय. चार म्हशी घिऊन कुठं जायचं? म्हणून माणसं शेवटपतूर घर सोडत न्हाईत. अधिकारी म्हणतात लोक ऐकत न्हाईत. ऐकत्यात, पर दावणीला जित्राब असताना पाय निघत न्हाई.

खुणा मोजा, माझी ना न्हाई. पर नकाशात उंचवट्याची जागा, चाऱ्याची जागा आन तिथवर जायचा रस्ता बी दावा. पानंद आधी बुडती का घर आधी बुडतंय, ह्ये आमाला म्हाईत हाय, नकाशा काढणाऱ्याला म्हाईत नसतंय.

प्रयागकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पाणंद आधी बुडते की घर, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. तो सर्वांत वर जायला हवा. कारण पाणी उंबऱ्याला लागायच्या किती तरी आधी बाहेर पडायची वाट बंद होते.

वाशिष्ठी

चिपळूणहून. कोल्हापूरच्या धाग्यावर आमचं काय काम असं वाटेल, पण २२ जुलै २०२१ ची रात्र तुमची आणि आमची एकच होती. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्याच डोंगररांगेवरचं पूर्वेकडं उतरलेलं पाणी कृष्णेत गेलं, पश्चिमेकडं उतरलेलं आमच्या वाशिष्ठीत आलं. तुम्हाला पाणी चढायला दिवस तरी मिळाले, आम्हाला तास मिळाले.

प्रयागकाठ यांनी समुद्राची तुलना केली आहे, ती आमच्याकडं प्रत्यक्ष आहे. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. वर डोंगरात पाऊस, कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी, आणि खाली भरती. तिन्ही एका वेळी जमलं की चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली. समुद्राची पातळी जसजशी वाढेल तसतशी भरती आणखी वर येत जाईल, म्हणजे तेवढ्याच पावसाला जास्त पूर. म्हणून आमच्याकडं पुराचा आणि किनाऱ्याचा आराखडा वेगवेगळा करून भागायचं नाही. सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नकाशे एका खात्याचे, पूररेषा दुसऱ्या खात्याच्या. गाळ काढा आणि पूररेषांचा फेरविचार करा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठं गाळाचं काम मार्गी लागलं.

एक विनंती. तुमच्या टेबलावर घाटमाथ्यालाही जागा ठेवा. पाऊस तिथं पडतो, आणि माथ्यावरची पर्जन्यमापकं दोन्ही बाजूंना उपयोगाची आहेत.

साधा_वाचक

वाचतोय. ओकलंडच्या ताईंचा निधीचा मुद्दा पटला. पण मूळ दुखणं अलमट्टी आहे, त्याबद्दल कुणीच सरळ बोलत नाही. उंची ५२४.२५६ मीटर केली तर सांगली-कोल्हापूर कायमचं बुडणार. हे आधी थांबवा, मग खुणा मोजा.

मिरजवेस

अलमट्टीबद्दल सरळच बोलू.

५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची नेण्याला कृष्णा पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० च्या निवाड्यात परवानगी दिली. सांगली-कोल्हापुरात तिला विरोध आहे आणि माझाही आहे. पण २०१९ च्या पुरानंतर आपल्याच सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. पावसाचं प्रमाण, नदीपात्रातली आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांवर त्यांचा भर होता. इथल्या अनेक अभ्यासू कार्यकर्त्यांना तो निष्कर्ष मान्य नाही. पुढं राज्य सरकारनं रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडं अभ्यास सोपवला.

माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. वाद मिटत नाही याचं एक कारण असं, की प्रत्येक पक्ष आपली आकडेमोड आपल्या मापांवर करतो. फुगवटा, म्हणजे धरणामुळं तुंबून मागं चढणारं पाणी, कुठवर येतो हे सांगायला नदीचे आडवे छेद लागतात, हिप्परगीचे दरवाजे कुठल्या तासाला कसे होते ते लागतं, आणि मधल्या प्रत्येक गावातली पाण्याची खरी उंची लागते. शेवटची गोष्ट आपल्याकडं नीट नोंदलेली नाही. ती असेल तर अलमट्टीला दोष द्यायचा की नाही हे भाषणानं ठरणार नाही, उतारानं ठरेल. त्यामुळं आधी अलमट्टी मग खुणा असं नाही. अलमट्टीविरुद्ध लढायचं तरी हातात खुणा लागतील.

दूधगंगेपलीकडं

चिकोडी तालुक्यातून लिहितोय. घरी मराठी, शाळा कानडी. तुमचा धागा एका पाहुण्यानं पाठवला.

तुमच्याकडं पूर आला की बातमी असते, अलमट्टीतून पाणी सोडत नाहीत. त्याच दिवशी आमच्याकडं बातमी असते, महाराष्ट्रातून इतके लाख क्युसेक पाणी येतंय, नदीकाठच्यांनी सावध राहा. आम्ही तुमच्या खाली आणि अलमट्टीच्या वर. कोयना, राधानगरी, काळम्मावाडी, सगळ्यांचं पाणी आमच्या रानातून जातं. फुगवटा असेल तर तो तुमच्याआधी आमच्यात येतो. दोन्ही राज्यांच्या भांडणात आमचं नाव कुठंच नसतं.

लवादानं कृष्णेचं पाणी वाटून दिलं. कुणाला किती टीएमसी ते ठरलं. पूर आला तर कुणी किती सोसायचा, कुणी किती आधी कुणाला कळवायचं, हे तितक्या काटेकोरपणे कुणी लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही. २०२१ च्या जूनमध्ये तुमचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील आणि आमचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बेंगळुरात बैठक झाली, समन्वय ठेवायचं ठरलं. चांगलं झालं. पण माणसं बदलली की बैठक पुन्हा पहिल्यापासून. ओकलंडच्या ताईंनी सांगितलं तसं, ऐच्छिक आणि बंधनकारक यांत फरक आहे.

तुमच्या नकाशात सदलगा, कल्लोळ, येडूर ही गावं घेणार असाल तर मी खुणा दाखवायला तयार आहे. नकाशा राजापूर बंधाऱ्यापाशी, म्हणजे राज्याच्या हद्दीजवळच, थांबणार असेल तर मात्र त्याचा उपयोग अर्धाच.

प्रयागकाठ

राजापूरला थांबणार नाही. तुमच्या प्रतिसादामुळं हा धागा काढल्याचं सार्थक झालं, असं मनापासून सांगतो.

आणखी एक मुद्दा राहिला होता तो लिहितो. शिरोलीचा महामार्गाचा भराव आणि केर्लीकडचा रत्नागिरी रस्त्याचा भराव, या दोन्हींबद्दल काठावरच्या गावांचं म्हणणं एकच आहे : पूर आला की हे रस्ते आडव्या बांधासारखे उभे राहतात, तिथं कमानींचा पूल हवा होता. रस्ता बंद पडू नये म्हणून उंच करायचा, तर पाण्याला खालून वाट ठेवूनच करायला हवा. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. रस्ता बंद पडला की कोल्हापूरचं दूध, भाजी, ऑक्सिजन सगळं अडकतं, हे २०२१ च्या कोविडच्या काळात बघितलंय. पण रस्ता बांधणाऱ्यानं वरच्या बाजूला, म्हणजे चिखली-आंबेवाडीत, पाणी किती इंच चढणार हे कामाआधी जाहीर केलं असं मी ऐकलेलं नाही. खाडीकाठच्या चौकटीत शेजाऱ्यावर होणारा परिणाम तपासणं हा आराखड्याचा भाग आहे. आपल्याकडं तो गावसभेत विचारायचा प्रश्न तरी व्हायला हवा.

आराखडा

चिखली-आंबेवाडीचं नाव निघालं म्हणून. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली गेली. तरी जुन्या गावात वस्ती राहिलीच. शेती खाली, दूध-डेअरी खाली, देव खाली. स्थलांतर म्हणजे फक्त प्लॉट वाटप नाही, हे आपल्या जिल्ह्यानं कधीच अनुभवलंय. नव्या योजना करताना त्या दोन गावांच्या लोकांना आधी बोलवा, सल्लागार नंतर.

शिरोळचा_मळा

ह्ये बरोबर बोलला. रान खाली आन घर वर, मग धारंला पहाटं कोण जाणार?

उत्तरेश्वर_ते_ओकलंड

इथंही किनाऱ्यावरून मागं सरकायचं म्हटलं की सगळ्यांत आधी हाच प्रश्न येतो, फक्त म्हशींच्या ऐवजी नोकरी आणि शाळा. उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. चौकटीत एवढं मात्र आहे, की ज्या वस्त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फटका बसणार, त्यांना आराखडा करताना बरोबर घ्यायचं आणि त्यांच्यावर आणखी बोजा पडणार नाही हे बघायचं.

प्रयागकाठ, एक व्यावहारिक सूचना करते. सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. एक छोटा पट्टा घ्या, जिथं दोन-तीन वेगवेगळ्या हद्दी एकमेकींना लागतात. तेवढं नीट जमलं तर बाकीचे बघून करतील.

मिरजवेस

पट्टा मी सुचवतो. नृसिंहवाडी-कुरुंदवाडपासून राजापूर बंधारा आणि तिथून पलीकडं कल्लोळ-येडूर. दोन राज्यं, दोन जिल्हे, दोन नद्यांचे संगम, नगरपालिका आणि ग्रामपंचायती, सगळं त्यात येतं. वरचं टोक म्हणून शाहूपुरीतल्या थोड्या खुणा घेऊ, म्हणजे शहराशी दुवा राहील. लेव्हल मशीन माझ्या ओळखीत आहे, दोन मदतनीस लागतील. खुणेजवळ एका माणसाची साक्ष लिहून घ्यायची. खूण २०१९ ची की २०२१ ची यात लोकांची गल्लत होते, म्हणून शेजारच्या दोन घरांत विचारूनच नोंद करायची.

कुंभारगल्ली

आमच्याकडं आधी या. गणपतीआधी रंगकाम निघतं, भिंती पांढऱ्या होतात. मागच्या खेपेला दोन घरांच्या खुणा अशाच गेल्या. मी पेन्सिलीनं वर रेघ मारून ठेवते, पण ती किती टिकेल सांगता येत नाही.

शिरोळचा_मळा

वाडीपासनं मी संगं येतो. पाणंदीची यादी माझ्याकडनं घ्या. कुठली किती पाण्यात बंद होती ते तोंडपाठ हाय.

प्रयागकाठ

ठरलं तर. येत्या रविवारी सकाळी शाहूपुरीतून सुरुवात, दुपारनंतर वाडी. नोंदीचा एक कागद करतो : गाव, जागेची खूण, वर्ष, खुणेची उंची, साक्ष, बाहेर पडायची वाट कधी बंद झाली, जनावरं कुठं नेली. वाशिष्ठी, हाच कागद तुम्हालाही पाठवतो. त्यात भरतीची वेळ हा रकाना तुम्ही वाढवून घ्या.

दूधगंगेपलीकडं

कागद कानडीतही हवा. आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आणि मीटरबरोबर फूटही लिहा, नाहीतर कुणी सही करणार नाही.

प्रयागकाठ

दोन्ही लिहू. कानडी मजकूर तुम्ही शनिवारपर्यंत पाठवा, मी एकाच पानावर दोन्ही भाषांत छापून आणतो.